सावलीची वाट

बंगळूरच्या इंदिरानगरात पायी कचेरीला जाताना माथ्यावर झाडांची सावली येते, तेव्हा मला वास्तुशिल्पी अच्युत कानविंदे यांचे स्मरण होते. १९१६ साली कोकणातील आचरे येथे जन्मलेले कानविंदे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. १९४५ मध्ये सरकारने त्यांना हार्वर्डला धाडले. तेथे वॉल्टर ग्रोपियस हे त्यांचे गुरू. प्रारंभीच्या त्यांच्या इमारतींवर गुरूची छाप उघड दिसते. पुढे कानपूरच्या तंत्रविद्या संस्थेची आखणी करताना मात्र गाठ उत्तरेकडील उन्हाशी होती. तेथे त्यांनी ग्रंथालय मध्यभागी ठेवले, वाहने दूर राखली आणि इमारती छायेच्या पादचारी मार्गांनी जोडल्या. नकाशांना मंजुरी देणाऱ्या आम्हा सरकारी नोकरांनी त्यांच्यापासून एवढे तरी शिकावे : सही करण्यापूर्वी विचारावे, येथे चालणाऱ्याला सावली मिळेल काय?