घडीच्या पंखांचे विमान

विमान विकत घ्यावे, रविवारी उडवावे आणि संध्याकाळी पंख मिटून गाडीखान्यात लोटून ठेवावे, असे कोणी सांगितले तर तुम्ही त्याला वेड्यातच काढाल. पण १९२५ साली जेफ्री डी हॅविलंड या इंग्रज कारखानदाराने नेमका हाच विचार करून एक विमान बांधले. लंडनजवळच्या स्टॅग लेन येथून २२ फेब्रुवारीला ते पहिल्यांदा उडाले. डी हॅविलंड यांना फुलपाखरे आणि पतंग यांचा नाद. म्हणून विमानाचे नाव ठेवले 'मॉथ', म्हणजे दिव्यावर झेप घेतो तो पतंग. आणि नाव शोभलेही! उघडले की पंख नऊ मीटरांचे, मिटले की रुंदी तीन मीटरांवर येई.

हे विमान जन्मालाच आले जुन्याच्या पोटी. पहिल्या महायुद्धातून उरलेल्या आठ सिलिंडरांच्या इंजिनांचे सुटे भाग घेऊन फ्रँक हाल्फर्ड यांनी त्याचे चार सिलिंडरांचे इंजिन जुळवले. तो साठा संपत आला तेव्हा 'जिप्सी' नावाचे नवे इंजिन निघाले. अशी जिप्सी मॉथ साडेसहाशे पौंडांच्या आसपास मिळे. त्या वेळच्या दराने साडेआठ हजार रुपये. स्वस्त नव्हे हं, पण राजेरजवाड्यांनाच परवडावी अशीही नाही.

वापरलेली मॉथ घेऊन काय करता येते ते एमी जॉन्सनने दाखवले. सहाशे पौंडांना घेतलेल्या जुन्या मॉथमधून ती १९३० च्या मे महिन्यात इंग्लंडहून एकटी निघाली. वाटेत ती आपल्या झाशीला उतरली. पुढे रंगूनजवळ इनसीनला उतरताना विमान खड्ड्यात गेले आणि पंख फाटला. आता अशा ठिकाणी विमानाचे कापड आणायचे कोठून? सांगतात की, युद्धातून उरलेल्या विमानी कापडाचे कोणीतरी सदरे शिवले होते. ते सदरे उसवून पंखाला ठिगळे लावली! २४ मे रोजी ती ऑस्ट्रेलियात डार्विनला पोहोचली. एमीने विमान दुरुस्त करण्याचा परवाना मिळवला होता हे विसरू नका. तिची 'जेसन' ही मॉथ पुढे लंडनच्या विज्ञान संग्रहालयात गेली.

सुताराचे लाकूड, शिंप्याचे कापड, लोहाराचे खिळेमोळे. ज्याचे भाग ओळखीच्या कारागिरांच्या हातचे, ते दुरुस्तही करता येते. म्हणूनच शंभरी गाठत आलेल्या मॉथ आजही हौशी लोकांच्या हँगरमध्ये दिसतात. मात्र असे जुने विमान घेणाऱ्याने रंगावर भुलू नये. खरा शत्रू आत असतो. जुन्या लाकडी विमानांचे सांधे दुधातल्या केसीनपासून केलेल्या सरसाने जोडलेले असत. हा सरस कोरडा असेतोवर पक्का. ओल लागली की त्याला बुरशी येते आणि तो सुटतो. पंखाच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोके ठेवलेली असतात. ती बुजली की पाणी आतच मुरते, आणि बाहेरून काही कळत नाही. ऑस्ट्रेलियात १९६२ साली लाकडी पंखांच्या अ‍ॅन्सन विमानांचे उड्डाण बंद झाले ते काही उगीच नव्हे.

मग करायचे काय? कापड उतरवायचे आणि सांधा तपासायचा. प्लायवूड उचकटताना लाकडाचे तंतू फाटून आले तर आनंद माना, सरस शाबूत आहे. तुकडा अलगद, स्वच्छ निघाला तर समजा, इतके दिवस विमान दैवावर उडत होते. सगळे सांधे नव्याने जोडल्यावर कापड चढते. पंखाच्या प्रत्येक फासळीला ते लांब सुईने, वरून खाली आरपार शिवायचे. पंख्याचा झोत लागतो तेथे टाके अधिक जवळ घ्यायचे. वरून 'डोप' नावाच्या द्रवाचे हात देत गेले की कापड आक्रसून ढोलकीसारखे ताणते. त्या वासाने डोके गरगरते आणि जवळ विडी पेटवली तर हँगरच जाईल!

इतके बदलल्यावर विमान जुने राहिले का, असे तुम्ही विचाराल. आजीच्या गोधडीला वर्षावर्षाला नवे ठिगळ लागते, म्हणून ती कोणी नवी म्हणत नाही. मला तरी हाच हिशेब पटतो.

आपल्या जुहूला याचा एक सुरेख प्रसंग घडला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादमार्गे, पुस मॉथ विमानातून जुहूला उतरले. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलात बुडे, म्हणून ती टपालसेवा पावसाळ्यात पुण्याहून चाले. पन्नास वर्षांनी, १९८२ च्या त्याच तारखेला, जे. आर. डी. पुन्हा कराचीहून निघाले. या वेळी विमान होते लेपर्ड मॉथ. पुस मॉथचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असे. लेपर्ड मॉथचा मात्र लाकडाचा, म्हणजे भिस्त सारी सांध्यांवर. हे विमान बांधले गेले १९३० नंतरच्या दशकात. वैमानिक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, विमान पन्नाशीला टेकलेले. दोघेही जुहूला सुखरूप उतरले.