शालेय मुलांतील शरीरतोल व पाठदुखी

उभे राहताना, बसताना वा चालताना शरीराचा गुरुत्वमध्य आधाराच्या कक्षेत राखण्याची क्षमता म्हणजे शरीरतोल. स्थिर उभे असलेले मूलही खरे तर सतत किंचित झुलत असते. डोळे, अंतर्कर्णातील तोलेंद्रिये आणि स्नायू-सांध्यांतील संवेदना यांच्या आधारे मेंदू ते झुलणे आवरतो. लहान वयात मुख्य भिस्त डोळ्यांवर असते. साधारण सातव्या ते दहाव्या वर्षांत तिन्हींची सांगड बसू लागते आणि ती पक्की होईपर्यंत पौगंडावस्था उजाडते. म्हणून पहिलीतले मूल डोळे मिटून एका पायावर उभे राहताच डगमगते. तो दोष नव्हे. प्रयोगशाळेत मुलाला बलमापक पाटावर उभे करून त्याच्या पायांखालील दाबकेंद्र किती सरकते ते मोजतात.

पाठदुखी लहानपणी कमी आढळते; पौगंडात, विशेषतः मुलींमध्ये, तिचे प्रमाण वाढते. बहुतेकदा मणक्यांत कोणताही ठळक दोष सापडत नाही. पाठ दुखणाऱ्या काही मुलांचे झुलणे वाढलेले दिसते; पण दुखण्याने तोल ढळतो की ढळत्या तोलाने पाठ दुखते, याचा निवाडा अजून झालेला नाही.

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा दप्तराभोवती फिरते. दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून जड नसावे, असे राज्य शासनाने 2015 मध्ये ठरवले; देशाच्या 2020 च्या दप्तर धोरणातही हीच मर्यादा आहे. 30 किलोच्या मुलाला म्हणजे 3 किलो. दरम्यान 2016 मध्ये चंद्रपूरच्या सातवीतील दोन विद्यार्थ्यांनी चक्क पत्रकार परिषद घेऊन दप्तराचे ओझे जगापुढे मांडले होते. जड दप्तराने धड पुढे झुकते, मान पुढे येते. एकाच खांद्यावर अडकवल्यास कणा एका बाजूला कलतो. तरीही दप्तराच्या वजनामुळेच पाठदुखी होते, असा खात्रीलायक पुरावा 2018 च्या एका व्यापक आढाव्यात मिळाला नाही. ‘दप्तर जड वाटते’ या मुलाच्या स्वतःच्या तक्रारीचा मात्र पाठदुखीशी काहीसा संबंध दिसला. तेव्हा तराजूइतकेच मुलाचे म्हणणेही ऐकले पाहिजे.

तासन्‌तास एकाच बाकावर, तेही उंचीला न जुळणाऱ्या, बसून राहणे आणि मैदान सुटणे यांकडे त्या मानाने फार कमी लक्ष जाते. 5 ते 17 वर्षे वयात रोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. लंगडी हा तर एका पायावरच्या तोलाचाच खेळ. खो-खो आणि मल्लखांबही याच कामाचे. खेळाचा तास गणिताला देणाऱ्या शाळा मुलांचे नुकसान करतात.

पाठीची तपासणी करताना कण्याचा एका बाजूला आलेला बाक ओळखण्यासाठी मुलाला कमरेतून पुढे वाकवून पाठ मागून पाहतात. एक बाजू उंचावलेली दिसल्यास क्ष-किरण चित्र काढतात. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, वजन घटणे, पायांत अशक्तपणा, लघवी वा शौचावरचा ताबा सुटणे किंवा पाच वर्षांखालील मुलाची पाठदुखी, यांपैकी काहीही आढळल्यास दप्तराला दोष देत दिवस घालवू नयेत. मुलाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.