वेताळाची पहिली साहसे

कऱ्हाडच्या एस.टी. स्टँडवर इंद्रजाल कॉमिक्सचा अंक हाती पडे, तेव्हा त्यातला वेताळ परका आहे असे आम्हांला कधी वाटले नाही. याचे श्रेय ली फॉकपेक्षा नाव बदलणाऱ्या अनामिकाला अधिक. 'फँटम'चा 'वेताळ' होताच त्याच्यामागे शिवेवरचा शेंदूर फासलेला दगड उभा राहिला.

ही चित्रमालिका अमेरिकेत १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाली. पहिल्या साहसात नायक जंगलात स्थिरावलेलाही नव्हता. जिमी वेल्स नावाचा श्रीमंत, ऐषारामी तरुणच वेताळ निघावा, ही फॉकची मूळ योजना; ती त्याने कथा चालू असतानाच सोडली आणि चारशे वर्षांची वंशपरंपरा रचली. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून मुलाने शपथ घ्यायची, पुढे त्याच्या मुलाने. पण चाचे कोण? 'सिंग' टोळी. विसाव्या वेताळाचा मारेकरी कोण? 'रामा'. आणि प्रदेशाचे नाव 'बेंगाली'! भारतीय आवृत्तीत त्यांचे 'सिंगा', 'रामालू' आणि 'डेंकाली' झाले. सल गेला, गोरा रक्षक आणि भाबडे वनवासी हा सांगाडा मात्र तसाच राहिला. वर्गात हे सांगितले की विद्यार्थी थोडे हिरमुसतात. आम्हीही हिरमुसलो होतो.

इंद्रजाल १९६४ साली निघाले. त्याआधी वीस-एकवीस वर्षे, सांगलीचा बराचसा भाग सातारा जिल्ह्यातच असताना, इथे निराळीच साहसे घडत होती. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ तुफान सेनेने सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी लुटली. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारला लोकांनी 'पत्री सरकार' केले. गुन्हेगाराच्या तळपायाला पत्री ठोकतात ही वदंता गावोगाव पसरली. वेताळाच्या अंगठीची कवटी दुष्टाच्या जबड्यावर उमटते, तीच ही कल्पनाशक्ती. दंतकथेला देहावरची खूण लागतेच. फरक आहे तो न्यायाचा. वेताळाचा न्याय एका घराण्याचा, बापाकडून मुलाकडे जाणारा. प्रतिसरकारचा गावच्या न्यायदान मंडळात, चारचौघांसमोर होणारा. मुखवटा एकाचाच असावा, ही गरज इथे कोणाला भासली नाही.

असो. शेणोलीची हकिकत आम्ही आजोबांकडून ऐकली, वेताळाची स्टँडवर विकत घेतली. आणि त्या वयात आम्हांला दुसरीच अधिक खरी वाटत असे.