उपग्रहाच्या थ्रस्टरचा झोत व्हॅक्यूममध्ये कसा तपासतात?

उपग्रह एकदा वर गेला की त्याच्या कॅमेऱ्याची काच पुसायला कोणी जाऊ शकत नाही. म्हणून त्याच्या छोट्या इंजिनातून, म्हणजे थ्रस्टरमधून, निघणारा झोत कुठे कुठे जातो हे जमिनीवरच बघून घ्यावं लागतं. या झोताला प्लूम म्हणतात.

उघड्यावर चाचणी का चालत नाही?

जमिनीवर आजूबाजूची हवा झोताला दाबून धरते. अवकाशात दाबायला कुणीच नाही. त्यामुळे नॉझलबाहेर पडताच वायू चहूकडे पसरतो आणि थोडा तर कडेवरून वळून उपग्रहाकडेच मागे येतो. तो सोलर पॅनलवर आदळला तर उपग्रहाला नको असलेला धक्का बसतो, पॅनल तापतं. सेन्सरवर थर जमला तर फोटो धूसर!

खरी डोकेदुखी: व्हॅक्यूम टिकवणं

चेंबरमधली हवा काढणं जमतं. पण थ्रस्टर सुरू केला की तोच आत वायू ओततो. यावर उपाय म्हणजे भिंती इतक्या थंड करायच्या की वायू गोठून त्यांनाच चिकटेल. हायड्रॅझिनवर चालणाऱ्या थ्रस्टरच्या झोतात अमोनिया, नायट्रोजन आणि हायड्रोजन असतात. पहिले दोन लवकर गोठतात, हायड्रोजन मात्र हट्टी. म्हणून जर्मनीत ग्योटिंगेन इथे डीएलआर या अवकाश संस्थेच्या चेंबरमध्ये भिंती द्रव हेलियमने सुमारे उणे २६९ अंश सेल्सियसपर्यंत थंड करतात.

इलेक्ट्रिक थ्रस्टरचं काय?

हॉल थ्रस्टरमध्ये झेनॉनचे आयन साधारण ३०० व्होल्टने ढकलले जातात. त्यांचा वेग सेकंदाला २० किलोमीटरच्या आसपास जातो. अशा थ्रस्टरसाठी ग्योटिंगेनलाच सुमारे १२ मीटर लांब आणि ५ मीटर व्यासाचं वेगळं चेंबर आहे. वेगवान आयन भिंतींचे कण उडवतात, म्हणून अशा चेंबरमध्ये आतून बऱ्याचदा ग्रॅफाइट लावतात.

मोजतात कशाने?

- फॅराडे प्रोब: झोताभोवती अर्धवर्तुळात फिरवतात. कोणत्या कोनात किती आयन येतात ते कळतं.
- रिटार्डिंग पोटेन्शियल ॲनालायझर: विरुद्ध व्होल्टेज वाढवत जायचं. कोणता आयन कुठे अडतो त्यावरून त्याची ऊर्जा समजते.
- क्वार्ट्झ मायक्रोबॅलन्स: फोनमधलं घड्याळ चालवतो तसाच स्फटिक. त्यावर थर जमला की कंपनं मंदावतात, त्यावरून थराचं वजन काढतात.

आकड्यांवर लगेच विश्वास नको

चेंबरमध्ये थोडा वायू उरतोच. वेगवान आयन त्यातल्या सुस्त अणूकडून इलेक्ट्रॉन घेतो. मग तो सुस्त अणूच आयन बनतो आणि बाजूला भरकटतो. त्यामुळे झोत खऱ्यापेक्षा जास्त पसरट दिसतो. शिवाय थ्रस्टर उरलेला वायू आत ओढून फुकटचं इंधन वापरतो, म्हणजे कामगिरीही फुगते. म्हणून तीच चाचणी वेगवेगळ्या दाबांवर करतात आणि दाब शून्याकडे नेला तर आकडा कुठे जाईल याचा अंदाज काढतात. पॅनल आणि कॅमेरा थ्रस्टरपासून किती लांब ठेवायचा, हे त्यावरूनच ठरतं.