लिनक्स आणि डायल-अप मोडेम : ड्रायव्हरचा अडसर

ब्रॉडबँड येण्यापूर्वी रत्नागिरी, चिपळूण किंवा राजापूर येथून महाजालाशी संपर्क साधायचा, तर घरचा दूरध्वनी आणि संगणकाचा मोडेम हाच सर्वसामान्यांचा मार्ग होता. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. पुढे १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम स्थापन झाले आणि त्याची 'संचारनेट' ही डायल-अप सेवा जिल्ह्याजिल्ह्यांत परिचित झाली. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभ केलेली लिनक्स ही मुक्त संगणकप्रणालीही याच सुमारास विद्यार्थ्यांच्या हाती येऊ लागली. ती विनामूल्य होती, तिचा मूळ संकेत सर्वांना खुला होता. पण ती बसवल्यावर अनेक संगणकांचा मोडेम मुका होत असे. दोष लिनक्सच्या माथी मारला गेला. त्याचे खरे कारण मोडेमच्या रचनेत आणि उत्पादकांच्या गोपनीयतेत होते.

मोडेमची दोन कुळे

दूरध्वनीची तार मूलतः मानवी आवाजासाठी, म्हणजे साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ कंप्रतेच्या ध्वनीसाठी असते. संगणकाच्या अंकीय माहितीचे अशा ध्वनिसंकेतांत आणि आलेल्या संकेतांचे पुन्हा माहितीत रूपांतर करणे, हे मोडेमचे काम. पूर्ण मोडेममध्ये तीन भाग असतात : तारेशी जोडणारा विद्युतभाग, संकेतांची गणिते करणारा प्रक्रियक आणि संगणकाच्या आज्ञा समजून घेणारा नियंत्रक. हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमपासून या आज्ञा 'एटी' या अक्षरांनी सुरू होतात. 'एटीडीटी' म्हणजे टोन पद्धतीने नंबर फिरवा, 'एटीडीपी' म्हणजे पल्स पद्धतीने. ही भाषा जाहीर असल्याने सिरियल पोर्टला जोडलेल्या बाह्य मोडेमला लिनक्समध्ये वेगळा ड्रायव्हर लागत नसे.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात किंमत कमी करण्यासाठी उत्पादकांनी नियंत्रक काढून टाकला. काहींनी गणिते करणारा प्रक्रियकही वगळला आणि ते काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर सोपवले. कार्डावर उरला तो बहुतांशी तारेशी जोडणारा भाग. बाकीचा मोडेम विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये गेला. म्हणूनच या जातीला 'विनमोडेम' असे नाव पडले. ल्युसेंट, कोनेक्संट, पीसीटेल, मोटोरोला, स्मार्ट लिंक यांच्या चिप असलेली अंतर्गत कार्डे या वर्गातली. ग्राहकाला वाटे, आपण यंत्र विकत घेतले. प्रत्यक्षात अर्धे यंत्र सोबतच्या सीडीवर असे.

कुलूप आणि किल्ली

असा मोडेम लिनक्सवर चालवण्यासाठी चिपची तांत्रिक माहिती हवी. बहुतेक कंपन्यांनी ती व्यापारी गुपित मानून उघड केली नाही. शिवाय ५६ किलोबिट वेगाचे 'व्ही ९०' हे १९९८ चे मानक सॉफ्टवेअरमध्ये उतरवणे सोपे गणित नव्हे. पुढे 'एफएफएमपेग' आणि 'क्यूईएमयू' यांमुळे ख्यातनाम झालेल्या फाब्रिस बेलार यांनी १९९९ च्या सुमारास 'लिनमोडेम' या नावाने मुक्त सॉफ्टवेअर मोडेम लिहिण्याचा प्रयत्न केला होता.

व्यवहारात उपयोगी पडले ते अर्धमुक्त ड्रायव्हर. ल्युसेंटच्या ड्रायव्हरचा गाभा बंद होता आणि भोवतीचे आवरण तेवढे खुले. कोनेक्संटच्या चिपसाठी कॅनडातील लिन्युक्संट कंपनी ड्रायव्हर देत असे. त्याची मोफत आवृत्ती १४.४ किलोबिट वेगापुरती मर्यादित होती आणि पूर्ण वेगासाठी पैसे मोजावे लागत. हे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलशी, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याशी, जुळवून घ्यावे लागत. कर्नल बदलला की ड्रायव्हर पुन्हा बांधणे आले आणि बंद गाभा नव्या कर्नलशी जुळला नाही, तर वापरकर्त्याच्या हाती काहीच उरत नसे.

महानगरापासून दूर

मोठ्या शहरातल्या माणसाला दुसऱ्याच्या जोडणीवरून ड्रायव्हर उतरवून घेता येई. लहान गावात मात्र चमत्कारिक पेच उभा राही : महाजालावर जाण्यासाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर तर महाजालावरच. मग सायबर कॅफेतून १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर फाइल आणणे किंवा त्याच संगणकावर विंडोज ठेवून तिच्यातून ती उतरवणे, असे उपाय करावे लागत. संपूर्ण लिनक्स उतरवून घेणे तर अशक्यप्राय होते. सेकंदाला पाच किलोबाइट या चांगल्या वेगानेही ६५० मेगाबाइटची एक सीडी उतरायला सुमारे ३७ तास लागतात आणि तेवढा वेळ दूरध्वनीचे मीटर चालूच राहते. त्यामुळे 'पीसीक्वेस्ट'सारख्या मासिकाबरोबर मिळणाऱ्या लिनक्सच्या सीडींना मोठे मोल होते.

तारेत खरखर असली की मोडेम आपोआप वेग कमी करतो, प्रसंगी जोडणीच तोडतो. कोकणातल्या पावसाळ्यात हा भेद ओळखणे महत्त्वाचे होते. मोडेम नंबर फिरवून दुसऱ्या बाजूची शीळ ऐकू येत असेल, तर ड्रायव्हर ठीक असून दोष तारेत आहे, असे समजावे. डायल टोन असूनही मोडेमला तो कळत नसेल, तर 'एटी एक्स ३' ही आज्ञा दिली जाई. तिच्यामुळे मोडेम टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो. 'एलएसपीसीआय' या आज्ञेने कार्डावरील चिपची ओळख पटे आणि 'डब्ल्यूव्हीडायल' किंवा 'केपीपीपी' यांच्या साहाय्याने जोडणी होई. खरेदीपूर्वीचा खात्रीचा सल्ला मात्र एकच होता : थोडे अधिक पैसे पडले तरी सिरियल पोर्टचा बाह्य मोडेम घ्यावा.

काय टिकले?

१४ जानेवारी २००५ रोजी भारत संचार निगमाने ब्रॉडबँड सेवा सुरू केली आणि डायल-अपचा काळ ओसरू लागला. विनमोडेमचे बहुतेक बंद ड्रायव्हर नव्या कर्नलबरोबर निकामी झाले. ती कार्डे लिनक्सपुरती भंगारात जमा झाली. याउलट, जुना सिरियल मोडेम आजच्या लिनक्सलाही समजतो, कारण सिरियल पोर्ट आणि पीपीपी यांची सोय कर्नलमध्ये अद्याप आहे. पुढे यूएसबी डेटाकार्डे आली, तेव्हा त्यांतील अनेकांशी याच एटी आज्ञांनी आणि पीपीपीने बोलता आले. 'डब्ल्यूव्हीडायल' शिकलेल्यांची विद्या वाया गेली नाही.

कोणतेही उपकरण घेताना किंमत आणि वेग पाहिले जातात. त्याची भाषा जाहीर आहे की केवळ उत्पादकालाच ठाऊक आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ते उपकरण किती वर्षे आपले राहणार, हे मात्र बरेचसे त्याच उत्तरावर ठरते.