डन्स्टेबलचा पांढरा हंस

धातूवर रंगीत काच वितळवून बसविण्याच्या कलेस मीनाकाम म्हणतात. अशा कामाचा एक सुरेख हंस इंग्लंडातील डन्स्टेबल गावी, जुन्या ख्रिस्ती मठाच्या जागी १९६५ साली उत्खननात सापडला. उंची जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर. अंग सोन्याचे, वर पांढरा मीना, गळ्यात सोन्याचा मुकुट व साखळी, मागे टाचणी. तो सुमारे १४०० सालचा असून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलेला आहे.

हा नुसता दागिना नव्हे, तो बिल्ला होय. हंस ही बोहन घराण्याची निशाणी. त्या घरची मेरी ज्यास दिली, तो हेन्री पुढे १३९९ साली राजा झाला. सरदार आपल्या माणसांस असे बिल्ले देत. मानकऱ्यांस सोन्याचांदीचे, साध्या चाकरांस शिशाचे. छातीवर बिल्ला लागला की काहीजण धन्याच्या जोरावर गोरगरिबांस दमदाटी करीत. म्हणून १३८८ साली केंब्रिजच्या पार्लमेंटात लोकप्रतिनिधींनी बिल्लेच बंद करा, अशी मागणी केली.

कचेरीतील पट्टेवाल्याचा पितळी बिल्ला ज्यांनी पाहिला आहे, त्यांस यातील मर्म वेगळे सांगावयास नको. बिल्ला धनी देतो, पण त्याचा मान राखावयाचा तो घालणाऱ्यानेच.