परड्यातली भाजी पावसानंतर का बसते?

बेळगाव-खानापूर भागात पावसाळा सरता सरता परड्यातली वांगी-मिरची पिवळी पडते, वाढ थांबते. बहुतेक घरांत लगेच युरियाची मूठ पडते. चूक तिथंच होते. आधी एक रोप मुळासकट उपटून बघावं. मुळं पांढरी असतील तर बाग सावरते; तपकिरी, मऊ, वास मारणारी असतील तर पाणी साचलंय. चर काढून पाणी बाहेर काढायचं आणि पुढची लावण वीतभर उंच गादीवाफ्यावर करायची.

हिरवंगार झाड दोन-चार दिवसांत मान टाकत असेल तर प्रकरण वेगळं. बुंध्याजवळचं खोड कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरावं. थोड्या वेळात दुधाळ धागे उतरले, की तो जिवाणूजन्य मर रोग. त्यावर औषध नाही, दुकानदार काहीही सांगो. झाड उपटून जाळावं, खताच्या खड्ड्यात टाकू नये. त्या वाफ्यात निदान दोन-तीन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा नको. मका, कांदा, मेथी चालेल. टोमॅटो हवाच असेल तर दुसऱ्या वाफ्यात ‘अर्का रक्षक’ लावावा, तो या रोगाला बराच टिकतो.

जांभ्या तांबड्या मातीतला चुना पावसानं धुऊन जातो, माती आंबट होते. माती तपासून चुना द्यावा, शेणखत मात्र पंधरा दिवसांनी. गोकाक-अथणीकडच्या काळ्या मातीत चुना घालू नये.